घरून कोड लिहिणाऱ्यांसाठी: नाशिकमधल्या दिवसाची घडी कशी बसवायची

इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, नाशिकरोड. या भागांतल्या अनेक घरांत आता एका खोलीत पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या कंपनीचं काम चालतं. नोकरीला वर्ष-दोन वर्षं झालेली मुलंमुली घरीच राहतात, घरचं जेवतात, भाड्याचे पैसे वाचवतात. अडचण इतकीच, की ऑफिसात खुर्ची, वीज, नेट, शेजारी बसलेला अनुभवी माणूस आणि घरी निघायची वेळ हे सगळं आयतं मिळतं. घरी ते आपलं आपण उभं करावं लागतं. बहुतेकांच्या हे लक्षात येतं ते मान आखडल्यावर.

ही घडी बसवताना मधोमध एकच गोष्ट ठेवा: दिवसातले सलग दोन तास, ज्यांत फोन नाही, मीटिंग नाही, कोणाची हाक नाही. कोडमधला अवघड भाग डोक्यात पूर्ण मांडायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात. मध्ये कोणी बोलावलं की ती मांडणी विस्कटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. नवख्या डेव्हलपरचं खरं शिक्षण या दोन तासांत होतं. खाली खुर्चीपासून इन्व्हर्टरपर्यंत जे काही सांगितलं आहे, ते या दोन तासांच्या राखणीसाठी.

टेबल, खुर्ची आणि एक जुना पाट

घरातल्या टेबलाची उंची साधारण ७५ सेंटिमीटर असते. साडेपाच फूट उंचीचा माणूस पाय जमिनीला टेकवून बसला, तर त्याचं कोपर जमिनीपासून ६५ सेंटिमीटरच्या आसपास येतं. म्हणजे टेबल त्याच्यासाठी जवळपास दहा सेंटिमीटर उंच असतं. हा फरक भरून काढायला आपण नकळत खांदे वर उचलतो आणि दिवसभर तसेच धरून ठेवतो. संध्याकाळी मानेपासून खांद्यापर्यंत जी ओढ लागते, ती इथून येते. महागडी खुर्ची आणली तरी हा हिशेब चुकलेला असेल तर दुखणं तसंच राहतं.

बैठक या क्रमाने लावा. आधी खुर्ची वर घ्या, इतकी की कोपर काटकोनात वाकवल्यावर हात टेबलावर सपाट टेकावा. खुर्ची वर-खाली होत नसेल तर बसायला घट्ट उशी घ्या. पिसासारखी मऊ नको, ती तासाभरात दबते. आता पाय लोंबकळायला लागतील, म्हणून पायाखाली जेवायला बसायचा जुना लाकडी पाट ठेवा. एक पुरला नाही तर दोन. मांडीच्या खालच्या बाजूला खुर्चीची कड रुतायला नको. त्यानंतर लॅपटॉप उचला: पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि पडदा हातभर अंतरावर. लॅपटॉप वर गेला की त्याचा कीबोर्ड वापरता येत नाही, म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्यावाच लागतो. पहिल्या पगारातून एकच वस्तू घ्यायची असेल तर ही जोडी घ्या. दुसरा मॉनिटर नंतर आला तरी चालेल. शेवटी कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवून पाहा. आराम वाटला तर ती कायम तिथेच राहू द्या.

पडदा खिडकीला काटकोनात ठेवा. खिडकी समोर असेल तर डोळे दिपतात, पाठीमागे असेल तर काचेत तिचं प्रतिबिंब दिसतं. पश्चिमेची खोली असेल तर मार्चपासून दुपारी तीननंतर ऊन थेट आत येतं. तिथे जाड पडदा लागेल, किंवा दोन तासांची वेळ सकाळी घ्यावी लागेल.

डोळ्यांसाठी नेत्रतज्ज्ञ सांगतात तो नियम सोपा आहे: दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडच्या वस्तूकडे २० सेकंद पाहायचं. मात्र त्यासाठी लावलेला गजर तिसऱ्या दिवशी बंद केला जातो, कारण तो नेमका विचार रंगात आल्यावर वाजतो. त्यापेक्षा ही सवय कामातल्या एखाद्या क्षणाला जोडा. टेस्ट (कोड तपासणाऱ्या चाचण्या) चालवल्या की खिडकीबाहेर बघायचं, बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करणं) लावलं की उठून पाणी आणायचं.

वीज आणि नेट

बऱ्याच घरांत इन्व्हर्टर असतो, पण त्यावर काय काय जोडलेलं आहे हे पुष्कळांना माहीत नसतं. आधी भार मोजा. लॅपटॉप ६५ वॉट, मॉनिटर २५, राउटर १० ते १५, पंखा ७५, एक एलईडी दिवा १०. बेरीज १९० वॉटच्या आसपास. १२ व्होल्टच्या १५० एएच बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास असतात. इन्व्हर्टरमधली गळती, बॅटरीचं वय आणि ती पूर्ण रिकामी करायची नसते हे धरलं, तर हाताशी हजार-अकराशे उरतात. म्हणजे पाच-साडेपाच तास. त्यातच हॉलमधला टीव्ही आणि बाकीचे पंखे चालू राहिले तर हे तास निम्मे होतात. दिवसभराच्या नियोजित बंदला नेमका इथेच घोटाळा होतो.

महावितरण नियोजित बंदची सूचना नोंदवलेल्या मोबाइलवर एसएमएसने पाठवतं. बिल बाबांच्या नावावर आणि नंबरही त्यांचाच, त्यामुळे तो संदेश ऑफर्सच्या गर्दीत न वाचताच पडून राहतो. एक तर नंबर बदलून घ्या, नाहीतर असा संदेश आला की पुढे पाठवायला त्यांना सांगून ठेवा. अचानक गेलेल्या विजेची तक्रार १९१२ वर करता येते.

ट्युब्युलर बॅटरीचं पाणी दर दोन-तीन महिन्यांनी तपासा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला. नळाचं किंवा आरओचं पाणी घातलं तर त्यातल्या क्षारांमुळे बॅटरी लवकर मरते. डेस्कटॉप वापरत असाल तर इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर असल्याची खात्री करा. साध्या मोडमध्ये वीज पालटायला जो क्षण लागतो, तेवढ्यात डेस्कटॉप बंद पडून पुन्हा सुरू होतो.

इन्व्हर्टर नसेल तर किमान राउटरसाठी मिनी यूपीएस घ्या. घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडाप्टरवरचा मजकूर वाचा: १२ व्होल्ट आहे की ९, आणि किती अ‍ॅम्पियर. व्होल्टेज तंतोतंत जुळलं पाहिजे. अ‍ॅम्पियर तेवढे किंवा जास्त चालतात. काही घरांत फायबरचा डबा आणि वाय-फायचा डबा वेगवेगळे असतात. बॅकअप एकालाच दिला तर वाय-फायची खूण दिसत राहते आणि नेट मात्र नसतं. मग तासभर लोक उगीच राउटर बंद-चालू करत बसतात.

मोबाइलचं कार्ड फायबरवाल्या कंपनीचं नको, दुसऱ्या कंपनीचं ठेवा. दोन्ही एकाच कंपनीची असली तर अनेकदा एकदमच पडतात. हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी केबलने जोडलेलं नेट स्थिर राहतं आणि फोन चार्जही होतो. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण एक जीबी धरा आणि अडचणीच्या दिवशी कॅमेरा बंद ठेवा. वळवाच्या पावसाचं वेगळं सांगायला हवं. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण बऱ्याच इमारतींत गच्चीवरच्या पेटीपासून घरापर्यंत तांब्याची लॅन केबल उतरवलेली असते. मे-जूनमध्ये कडकडाट सुरू झाला की ती केबल राउटरमधून काढा. स्पाइक गार्ड लावलेला असला तरी तो त्या केबलवाटे येणारा झटका अडवत नाही.

दोन तास कुठे बसवायचे

हे टीम कुठे आहे त्यावर ठरतं. सगळी टीम भारतात असेल तर सकाळी आठ ते दहा, स्टँडअपच्या म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीच्या आधी. लंडनची टीम असेल तर सकाळचा पूर्ण वेळ आपला असतो. न्यूयॉर्कची असेल तर दुपारी दोन ते चार घेता येतात, पण सकाळचेच तास चांगले, कारण रात्रीच्या कॉलचं दडपण तेव्हा अजून चढलेलं नसतं.

घड्याळाचे फरक कागदावर लिहून समोर चिकटवा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत आपण न्यूयॉर्कच्या साडेनऊ तास पुढे असतो, बाकीच्या काळात साडेदहा. तिथले सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. लंडनचा फरक मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास, एरवी साडेपाच. अमेरिका आणि ब्रिटन यांचे रविवार वेगळे असल्याने मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभर सगळं गणित हलतं. मीटिंग चुकतात त्या याच आठवड्यांत. निमंत्रण ज्या शहराच्या वेळेत ठरवलं असेल ते कॅलेंडरमध्ये त्याच शहराच्या वेळेत ठेवा, आपल्या वेळेत बदलून लिहू नका.

दोन तास कॅलेंडरमध्ये रोजचे राखीव करा आणि टीम लीडला सरळ सांगा: या वेळेत मी चॅट बघत नाही, तातडीचं असेल तर फोन करा. असा फोन फार क्वचित येतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. टेबलावर पालथा घातला तरी हात त्याच्याकडे जातोच.

घरातले

या विषयावर कोणी लिहीत नाही, आणि दोन तास सर्वांत जास्त इथेच तुटतात. आईच्या दृष्टीने मुलगा घरी आहे. सिलिंडरवाला आला, दार उघड. काकू आल्यात, दोन मिनिटं येऊन बस. दळण आणून दे. यात कोणाची चूक नाही. पडद्याकडे बघत गप्प बसलेला माणूस कामात आहे की नुसता बसलाय, हे बाहेरून कळण्याची सोयच नसते.

चिडचिड करून किंवा दाराला कडी लावून हे सुटत नाही. एका संध्याकाळी चहाच्या वेळी आईबाबांना नीट सांगा की या वेळेपासून या वेळेपर्यंत मी ऑफिसात आहे असं समजा, आणि त्यानंतर अमुक वेळी मी तुमच्या कामांसाठी पूर्ण मोकळा आहे. यातलं दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. ती वेळ आली की खरंच उठा, दळण आणा, काकूंशी बोला. मोकळी वेळ पाळली की राखीव वेळही पाळली जाते. खुणेसाठी दाराच्या कडीला एखादा रुमाल बांधा. रुमाल बांधलेला असेल तर आत यायचं नाही. सुरुवातीला दोन-तीनदा मोडेल, आठवडाभरात बसेल. लहान भावंडं किंवा भाचरं असतील तर वेळ सकाळी लवकरच घ्या.

आदल्या संध्याकाळची दहा मिनिटं

सकाळी बसल्यावर आज काय करायचं याचा विचार सुरू केला की अर्धा तास जातो, आणि त्या अर्ध्या तासात चॅट उघडलं जातं. म्हणून काम थांबवताना तीन ओळी लिहून ठेवा: कुठे थांबलो, उद्या पहिली फाइल कोणती उघडायची, त्यात पहिला बदल कोणता. आणखी चांगला उपाय म्हणजे एक नापास होणारी टेस्ट लिहून तशीच सोडायची. सकाळी ती चालवली की ती लाल ओळच काम सांगते.

तिकीट, म्हणजे नेमून दिलेलं काम, मोठं असेल तर त्याचे तुकडे करा, प्रत्येक तुकडा दीड-दोन तासांत संपेल एवढा. तुकडा ओळखायची कसोटी अशी: तो पूर्ण झाला हे मला कसं कळेल, याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. देता येत नसेल तर तो अजून मोठा आहे किंवा मुळात समजलेला नाही. प्रत्येक तुकड्याला वेगळा कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलाची वेगळी नोंद. याचा फायदा पुढे दिसतो. हजार कमिटमध्ये कुठेतरी काही बिघडलं, तर बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटचं बायसेक्ट साधारण दहा तपासण्यांत दोषी कमिट शोधतं, कारण ते दर वेळी उरलेले निम्मे बाद करतं. पण तो कमिट चाळीस फाइलींचा असेल तर सापडूनही हाती काही लागत नाही.

अडकल्यावर

अर्धा तास स्वतः, मग विचारायचं. अर्ध्या तासाच्या आत विचारलं तर शिकणं बुडतं, दिवसभर लपवलं तर काम बुडतं. घरून काम करताना दुसरी चूक जास्त होते, कारण अडकलेला चेहरा कोणाला दिसत नाही.

तो अर्धा तास कसा घालवायचा? एरर पूर्ण वाचा. पायथॉनमध्ये शेवटची ओळ आधी, मग खालून वर. जावामध्ये सर्वांत खालचं "कॉज्ड बाय" शोधा, मूळ कारण बहुधा तिथे असतं. एरर दिसणारा सर्वांत छोटा नमुना तयार करा: डेटाबेस काढून टाकला तरी येते का, एकाच नोंदीवर येते का. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदल एकदम करून चाललं, तर कशामुळे चाललं ते कळत नाही आणि तोच दोष महिन्याने परत येतो.

विचारताना चार ओळी लिहा: काय करायचं होतं, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. सोबत एररचा मजकूर, फोटो नाही. मजकूर शोधता येतो, फोटो शोधता येत नाही. या चार ओळी लिहिता लिहिताच कित्येकदा उत्तर सापडतं. नुसतं "हाय सर" पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नका. समोरच्याला प्रश्नच कळलेला नसतो.

एआय सहायक वापरायचे तर दोन कुंपणं घाला. कंपनीचा कोड स्वतःच्या खासगी खात्यात चिकटवायचा नाही. आणि त्याने दिलेली जी ओळ आपल्याला दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही, ती मर्ज करायची (मुख्य कोडमध्ये मिसळायची) नाही. पहिल्या दोन वर्षांत आधी स्वतःचं उत्तर लिहावं आणि मग त्याचं पाहावं, असं आमचं ठाम मत आहे. क्रम उलटा झाला की दुसऱ्याचं उत्तर ओळखण्याची सवय लागते, स्वतः काढण्याची नाही.

चुकांची वही

दुरेघी, दोनशे पानी, हाताने लिहायची. फाइल असली तरी चालते, पण वही उघडताना चॅट दिसत नाही हा तिचा मोठा गुण आहे. रोज काय केलं याची ही डायरी नव्हे. ज्या चुकीने अर्ध्या तासाहून जास्त खाल्ला, तेवढ्याच चुका इथे येतात. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी: तारीख, मला काय वाटलं होतं, प्रत्यक्षात काय निघालं, किती वेळ गेला, आणि कोणत्या खुणेवरून हे आधी ओळखता आलं असतं. शेवटची ओळ सर्वांत मोलाची आहे आणि तीच टाळली जाते.

एक नमुना. "वाटलं: अहवालातल्या काही नोंदी गायब आहेत. निघालं: गायब नाहीत, आदल्या दिवसात मोजल्या जातात. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो, तिथे तारीख आपल्या पहाटे साडेपाचला बदलते. म्हणून रात्री बारा ते साडेपाचमधले व्यवहार कालच्या तारखेत जातात. वेळ: अडीच तास. खूण: चुकलेल्या सगळ्या नोंदी पहाटेच्या होत्या, वेळेनुसार लावून पाहिलं असतं तर लगेच दिसलं असतं." भारतात काम करणाऱ्या प्रत्येक डेव्हलपरला ही चूक कधी ना कधी भेटते. नोंद केलेल्याला ती दुसऱ्यांदा पाच मिनिटांत ओळखू येते.

शिकायला आपल्या भाषेतला प्रकल्प

आठवड्यातले चार दिवस हे दोन तास कंपनीच्या कामाला द्या, शनिवारचे स्वतःच्या प्रकल्पाला. टू-डू यादी किंवा हवामानाचं अ‍ॅप करू नका. ते हजारांनी केलेलं आहे आणि त्यात अडचणच येत नाही, म्हणून शिकायला मिळत नाही. मराठी नावं शोधणारा छोटा शोधयंत्राचा तुकडा लिहा. गावांची शंभरेक नावं घ्या आणि "नासिक" लिहिलं तरी "नाशिक" सापडलं पाहिजे एवढंच ध्येय ठेवा.

त्यात काय काय भेटतं बघा. "नाशिक" हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये (प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) तो पाच चिन्हांचा आहे, कारण काना आणि वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे तोच शब्द पंधरा बाइटचा. स्तंभाची मर्यादा बाइटमध्ये मोजणाऱ्या डेटाबेसमध्ये मराठी नावं मध्येच का तुटतात, ते इथे कळतं. आता "कऱ्हाड" घ्या. त्यातला "ऱ" एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा "र" आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण तुलना केली तर असमान ठरतात. दोन्ही बाजू आधी एनएफसी या युनिकोडच्या ठरलेल्या रूपात आणल्या की जुळतात. एवढं जमलं की "श" आणि "स", ऱ्हस्व आणि दीर्घ यांना जवळचं मानणारा नियम लिहा, त्याच्या टेस्ट लिहा, मग शंभर नावांच्या जागी लाख नावं टाकून वेग मोजा आणि इंडेक्स म्हणजे काय ते शिका. तीन महिन्यांचे शनिवार यात सहज जातात. मुलाखतीत या प्रकल्पावर अर्धा तास बोलता येतं, कारण प्रत्येक वळण आपण स्वतः घेतलेलं असतं.

घरात लक्ष लागत नसेल तर शनिवारी 'सार्वजनिक वाचनालय, नाशिक' इथे जाऊन बसा. १८४० पासूनची ही संस्था आहे. तिथल्या शांततेत कागदावर रचना आखायचं काम फार चांगलं होतं.

स्टँडअपचं इंग्रजी

मराठी माध्यमातून आलेल्यांची खरी भीती व्याकरणाची नसते, सुरुवात कशी करायची याची असते. म्हणून वाक्यांचे साचे आधी ठरवा: काल काय संपवलं, आज काय घेतोय, कुठे अडलंय. प्रत्येकी एक वाक्य, भूतकाळ आणि वर्तमानकाळ एवढाच. स्टँडअपच्या दहा मिनिटं आधी ही तीन वाक्यं फोनवर रेकॉर्ड करून एकदा ऐका. "अ‍ॅक्च्युअली" आणि "बेसिकली" किती वेळा आलं ते मोजा, पुढच्या वेळी ते आपोआप कमी होतं. समोरच्याचं बोलणं समजलं नाही तर मान डोलवू नका. आपल्याला जे कळलं ते एका वाक्यात परत सांगून "बरोबर ना?" असं विचारा. न समजलेल्या कामाचे दोन दिवस त्याने वाचतात.

शरीर

इथे थोडक्यात, कारण माहीत सगळ्यांना असतं, वेळ ठरलेली नसते. ऑफिसला जाणारा माणूस नकळत दोन-तीन किलोमीटर चालतो. घरून काम करणारा खोलीतून स्वयंपाकघरापर्यंतच. तेवढं चालणं परत मिळवायला जवळचा ट्रॅक धरा: गोल्फ क्लब मैदान, कृषीनगर किंवा गोदापार्क. काम सुरू करण्याआधी तीस मिनिटं चाला, म्हणजे घरातून ऑफिसात शिरल्यासारखं होतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पहाटेचा हट्ट नको, ऊन आल्यावर जा. रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढा. परतीची मिसळ त्यानंतर अंगी लागते.

चहातल्या कॅफिनचा निम्मा अंश पाच तासांनीही अंगात असतो. अकराला झोपायचं तर शेवटचा चहा चारचा. अमेरिकेचा कॉल साडेदहाला संपत असेल तर लगेच आडवं होऊ नका, झोप येत नाही आणि हातात फोन येतो. जेवण कॉलच्या आधी करा, नंतर वीस मिनिटं गच्चीत चाला, मग झोपा. पालेभाजी, उसळ आणि भाकरी खाल्ल्यावर दुपारची पेंग कमी येते. भातावर भात घेतल्याच्या दिवशी दोन ते चार हे तास शिकण्यासाठी विसराच. पूर्ण शाकाहारी असाल आणि दिवसभर खोलीत असाल, तर डॉक्टरांना विचारून ब१२ आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी एकदा करून घ्या.

पगार

भाडं नाही म्हणून पैसा उरतो, आणि उरतो म्हणून हप्त्यांवर गाडी येते. आधी सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम एफडीत किंवा लिक्विड फंडात बाजूला काढा. घरी देता ते पैसेही या खर्चात धरा. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) सुरू करून पीएफचं पासबुक दर तीन महिन्यांनी पाहा: पगारपत्रकात कापलेली रक्कम तिथे जमा दिसली पाहिजे. नोकरी बदलताना पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. महाराष्ट्रात व्यवसाय कर बहुतेक महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५०० कापला जातो. ती कपात बघून गोंधळू नका. नव्या करपद्धतीत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून पगारदाराला ७५,००० च्या प्रमाणित वजावटीसह १२.७५ लाखांपर्यंत आयकर शून्य येतो. कर वाचवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या विमा योजनांची त्या मर्यादेत गरज नाही. आरोग्य विमा मात्र कंपनीच्या पॉलिसीशिवाय स्वतःचा घ्या. कंपनीचा नोकरीबरोबर संपतो.

शुक्रवारचा अर्धा तास

शुक्रवारी संध्याकाळी वही उघडा आणि आठवड्याच्या नोंदी सलग वाचा. एकाच प्रकारच्या तीन नोंदी दिसल्या, तर पुढच्या आठवड्याचा अभ्यास तोच. तीनदा एसिंक (एका कामासाठी न थांबता पुढचं चालू ठेवणाऱ्या) कोडमध्ये अडकलात तर रविवारी तेच प्रकरण शिका, नवीन फ्रेमवर्कचा व्हिडिओ बाजूला ठेवा. दोन तास किती दिवस मिळाले तेही लिहा. पाचपैकी तीन मिळाले तर आठवडा चांगला गेला. दोन किंवा कमी मिळाले तर कोणी तोडले ते शोधा: मीटिंग असेल तर लीडशी बोला, घरातलं असेल तर चहाच्या वेळी पुन्हा सांगा, फोन असेल तर तो खरंच दुसऱ्या खोलीत होता का ते आठवा.

सलग तीन महिने वहीत नव्या प्रकारची एकही चूक आली नाही, तर आपण आता येतं तेच काम पुन्हा पुन्हा करतोय. अशा वेळी लीडकडे अनोळखी भागाचं तिकीट मागा: डिप्लॉयमेंट (कोड सर्व्हरवर चढवणं), डेटाबेस, किंवा ज्या जुन्या मॉड्यूलला कोणी हात लावत नाही ते. मागताना वही सोबत ठेवा, कारण याआधी काय काय पार केलं ते तिच्यात तारखेनिशी असतं. दोनदा मागूनही मिळालं नाही तर रेझ्युमे अद्ययावत करायला घ्या, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीचा तपशील त्याच वहीतून उचला.